ट्रान्सपोर्टच्या (संवेग, उष्णता आणि वस्तुमान यांच्या वहनाच्या) गणितात या चुका टाळा: आधी अडथळा शोधा, मग आकडा घाला

कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, बॅच तीसवरून ऐंशी अंशांवर न्यायला दीड तास लागायचा. गेल्या आठवड्यापासून सव्वादोन तास लागतायत. स्टीमचं प्रेशर तीन किलोवरून साडेतीन किलोवर नेलं, पण म्हणावा तसा फरक नाही." मी विचारलं, "अ‍ॅजिटेटर (माल ढवळणारा पंखा) किती आरपीएमवर चालतोय?" तो म्हणाला, "बघून सांगतो."

तो बघून येईपर्यंत मी कागदावर तीन आकडे मांडले. जॅकेटमध्ये, म्हणजे भांड्याभोवतीच्या पोकळ कवचात, स्टीमचं पाणी होतं त्या बाजूचा उष्णता-गुणांक (उष्णता किती सहज जाते तो आकडा) साधारण ६००० वॉट दर चौरस मीटरला दर अंशाला. मधली स्टेनलेस स्टीलची भिंत ६ मिलिमीटर जाड. आतल्या दाट मालाच्या बाजूचा गुणांक जेमतेम २००. यांचे अडथळे, म्हणजे व्यस्त आकडे (भिंतीसाठी जाडी भागिले स्टीलची उष्णतावाहकता), असे येतात: स्टीमचा ०.०००१७, भिंतीचा ०.०००३८, मालाचा ०.००५. बेरजेत नव्वद टक्के वाटा एकट्या मालाचा. एकूण गुणांक १८०. स्टीमची बाजू दुप्पट चांगली केली तर तो १८३ होतो. मालाची बाजू दुप्पट चांगली केली तर ३२९.

प्रेशर वाढवल्याने स्टीमचं तापमान चारएक अंशांनी चढतं, तेवढा फायदा मिळतो. पण माल आणि स्टीम यांच्यातला फरक आधीच साठ ते एकशेदहा अंशांचा असताना त्या चार अंशांनी कितीसा वेळ वाचणार?

फोन परत आला. रात्रपाळीत मोटर ट्रिप होत होती म्हणून कुणीतरी ड्राइव्हवर (मोटरचा वेग ठरवणाऱ्या यंत्रणेवर) वेग ९०वरून ४५ आरपीएमवर आणला होता आणि त्याची नोंद कुठेच नव्हती. ढवळणाऱ्या भांड्यात मालाच्या बाजूचा गुणांक साधारणपणे वेगाच्या दोन-तृतीयांश घाताने बदलतो. वेग निम्मा झाला की २००चे १२६ होतात, एकूण गुणांक ११८वर येतो आणि दीड तासाचा सव्वादोन तास होतो. हिशेब त्याच्या घड्याळाशी जुळला. खरा प्रश्न मोटर का ट्रिप होते हा होता, आणि त्याचं उत्तर दाट झालेल्या मालात होतं.

संवेग, उष्णता आणि वस्तुमान यांच्या वहनाचा विषय शिकवताना मला सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक हीच आहे. मुलांना समीकरणं पाठ असतात, पण साखळीतली अडलेली कडी कोणती हे न बघता हात लागेल तो व्हॉल्व्ह ते फिरवतात.

स्टीमची बाजू दोषी असते तेव्हा

कधीकधी अडथळा खरंच जॅकेटमध्ये असतो. स्टीम ट्रॅप (साचलेलं पाणी बाहेर सोडणारी झडप) अडकला तर जॅकेट खालून कंडेन्सेटने, म्हणजे स्टीमच्या पाण्याने, भरतं आणि तेवढा पृष्ठभाग वाया जातो. जॅकेटच्या वरच्या आणि खालच्या भागाचं तापमान मोजा; खालचा भाग बराच थंड असेल तर आधी ट्रॅप उघडून बघा.

दुसरा चोर म्हणजे हवा. स्टार्टअपला जॅकेटमधली हवा बाहेर काढली नाही तर स्टीमचं पाणी होतं त्या पृष्ठभागाशी ती साचते. स्टीमला त्या हवेच्या थरातून विसरण (डिफ्यूजन) होऊन भिंतीपर्यंत पोचावं लागतं. म्हणजे तक्रार उष्णतेची, पण दुखणं वस्तुमान-वहनाचं. हे विषय तीन वेगळ्या वह्यांत शिकल्यामुळे अशी गोष्ट समोर असूनही ओळखू येत नाही.

पुणे समुद्रकाठी नाही

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. इथला हवेचा दाब १०१.३ नव्हे, तर साधारण ९४.८ किलोपास्कल. पाणी इथे ९८ अंशांच्या आसपास उकळतं. चहा करताना या फरकाने काही बिघडत नाही, पंपाच्या बाबतीत मात्र बिघडतं.

एक नेहमीचं उदाहरण घ्या. उघड्या टाकीतलं ९० अंशांचं कंडेन्सेट पंपाने बॉयलरकडे पाठवायचंय. टाकीतली पातळी आणि पंप एकाच उंचीवर. ९० अंशांना पाण्याचा बाष्पदाब ७०.१ किलोपास्कल. हवेच्या दाबातून तो वजा करून पाण्याच्या उंचीत मांडला, तर मुंबईत सक्शनला, म्हणजे पंपाच्या तोंडाशी, उरतात ३.३ मीटर, पुण्यात २.६. पाइपमधल्या घर्षणाचा अर्धा मीटर वजा करा: मुंबईत २.८, पुण्यात २.१. पंपाला लागतात २.५ मीटर. तोच पंप, तीच टाकी, पण मुंबईत निमूट चालतो आणि इथे आत खडी फिरल्यासारखा आवाज करतो. मग बेअरिंग बदला, इम्पेलर बदला असा खर्च सुरू होतो, आणि आवाज महिन्याभरात परत येतो. टाकी मीटरभर उचलली की तो थांबतो. पंप घेण्याआधी पुरवठादाराच्या हिशेबात हवेचा दाब कोणता धरलाय तेवढं विचारा.

याचंच भावंड म्हणजे गेजचा आणि निरपेक्ष दाबाचा घोळ. कारखान्यात "साडेतीन किलो" म्हणजे गेजवरचे साडेतीन, हवेच्या दाबाच्या वरचे. वाफेचं कोष्टक निरपेक्ष दाब मागतं. पुण्यातला हवेचा दाब मिळवला तर वाफेचं तापमान १४७ अंश येतं. न मिळवता कोष्टकात गेलात तर १३८. नऊ अंशांची चूक, तीही अगदी पहिल्याच ओळीत.

"पावसाळ्यात हवा थंड, मग टॉवरचं पाणी गरम का?"

दर जुलैत कुणीतरी हे विचारतंच. भोसरी-चाकणकडच्या किती टॉवरांचे फिल (पाणी पसरवणारा आतला भराव) या एका गैरसमजापायी उगाच धुतले गेले असतील! कुलिंग टॉवर पाणी थंड करतो ते मुख्यतः बाष्पीभवनाने. त्यामुळे त्याची खालची मर्यादा हवेच्या साध्या तापमानावर नाही, वेट बल्बवर (ओल्या तापमापकाच्या तापमानावर) ठरते. एप्रिल-मे महिन्यातली पुण्याची दुपार घ्या: ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता, तर वेट बल्ब साधारण २१. जुलैतला भुरभुर पावसाचा दिवस घ्या: २७ अंश आणि ८५ टक्के, तर वेट बल्ब २५. हवा अकरा अंशांनी थंड, पण टॉवरची मर्यादा चार अंशांनी वर. फिल खोलून बसण्याआधी ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक टॉवरच्या हवेच्या तोंडाशी धरा. टॉवरचं पाणी त्या आकड्यापेक्षा चार-पाच अंश वर असेल तर टॉवर त्याचं काम नीट करतोय.

ट्रे ड्रायरचंही तेच. मार्चमध्ये ठरवलेला सुकवणीचा वेळ जुलैत पुरत नाही, कारण आत येणारी हवा आधीच पाण्याने भरलेली असते.

सांद्रता सारखी झाली की वहन थांबतं, हा समज

उष्णतेच्या सवयीने इथे घात होतो. दोन वस्तूंचं तापमान सारखं झालं की उष्णता वाहायची थांबते. वस्तुमानाच्या बाबतीत दोन वेगळ्या अवस्थांमध्ये हे लागू पडत नाही. पुण्यात ३० अंशांना हवेत ऑक्सिजन असतो घनमीटरला सुमारे ७.९ मोल. त्या हवेशी पूर्ण समतोलात आलेल्या पाण्यात असतो फक्त ०.२२ मोल. छत्तीसपट फरक असूनही वहन शून्य! म्हणून हवेतली सांद्रता वजा पाण्यातली सांद्रता असा प्रेरक फरक कधीच लिहू नका. पाण्याच्या बाजूने बघायचं तर "या हवेशी समतोलात पाण्यात किती मावलं असतं" त्यातून "आत्ता किती आहे" ते वजा करा.

सांडपाणी प्रकल्पात यातून एक ठरलेला वाद होतो. "एरेशनमध्ये ऑक्सिजन आठ पीपीएम आणा", म्हणजे हवा सोडायच्या टाकीत लिटरला आठ मिलिग्रॅम, असा आग्रह कुणीतरी धरतं. ३० अंशांच्या स्वच्छ पाण्यात, पुण्याच्या दाबाला, साध्या हवेतून ऑक्सिजन सुमारे ७ मिलिग्रॅम दर लिटरपर्यंतच विरघळतो. कितीही ब्लोअर लावा, आठ येणार नाहीत. मीटर आठ दाखवत असेल तर त्यात उंचीची दुरुस्ती भरली आहे का ते तपासा. शिवाय एरेशन टाकीतल्या जिवाणूंना दोनएक मिलिग्रॅम पुरतात. त्यावर ब्लोअर पळवणं म्हणजे विजेचं बिल फुगवणं.

अडथळ्याचा प्रश्न इथेही येतोच. ऑक्सिजन पाण्यात कमी विरघळतो, म्हणून अडथळा पाण्याच्या बाजूला. बुडबुडे बारीक करा, पाणी घुसळा. अमोनिया पाण्यात भसाभस विरघळतो, म्हणून स्क्रबरमध्ये (वायू पाण्याने धुणाऱ्या यंत्रात) अडथळा वायूच्या बाजूला; तिथे पाणी घुसळून फारसं हाती लागत नाही.

वहीतल्या चुका

कागदावरचे काही घोटाळे पटकन सांगतो, कारण त्यांवर उपाय फक्त सवयीचा आहे.

पाइपचे घर्षणांक दोन आहेत: फॅनिंगचा आणि डार्सीचा. डार्सीचा चौपट. आलेखातून एक घ्यायचा आणि सूत्र दुसऱ्याचं वापरायचं, असं केलं की दाबातली घट थेट चौपट किंवा पाव येते. आलेखाची संथ प्रवाहाची रेघ बघा: ती १६ भागिले रेनॉल्ड्स संख्या (प्रवाह संथ की खळाळता ते सांगणारा आकडा) असेल तर फॅनिंग, ६४ असेल तर डार्सी.

व्हिस्कॉसिटी सेंटिपॉइजमध्ये देतात आणि सूत्राला लागते पास्कल-सेकंदात. हजाराने भागायचं राहिलं की खळाळता प्रवाह कागदावर संथ होऊन बसतो.

गोल पाइपवर शेल बॅलन्स (पातळ थराचा ताळेबंद) मांडताना त्रिज्या विकलकाच्या आत ठेवा. बाहेर जाताना क्षेत्रफळ वाढतं, हे त्या एका अक्षरात सांगितलेलं असतं. ते बाहेर काढलं तर तुम्ही पाइप उलगडून सपाट पत्रा केलात.

नळीतला उष्णता-गुणांक काढायचं डिटस-बोल्टरचं सूत्र मात्र जरा थांबून बघू. ते खळाळत्या प्रवाहाचं, रेनॉल्ड्स संख्या १०,००० च्या वरचं. मुलं ते काकवीसारख्या द्रवालाही लावतात. समजा रेनॉल्ड्स संख्या ८००, प्रांटल संख्या (द्रवात संवेग आणि उष्णता पसरण्याच्या वेगांचं गुणोत्तर) १०००, आणि नळी व्यासाच्या २०० पट लांब. डिटस-बोल्टर सांगतं नसेल्ट संख्या (उष्णता-गुणांकाचं एककाविना रूप) ७७. मग कुणीतरी म्हणतं, "संथ प्रवाह आहे, ३.६६ घ्या." तेही चूक! ३.६६ हा आकडा तापमानाचं चित्र पूर्ण स्थिरावल्यावरचा आहे, आणि इतक्या मोठ्या प्रांटल संख्येला त्यासाठी व्यासाच्या चाळीस हजार पट नळी लागेल. म्हणजे अख्खी नळी अजून प्रवेशाच्या भागातच आहे. तिथे सीडर-टेटचं संथ प्रवाहाचं सूत्र लावलं की तीसच्या जवळपास उत्तर येतं. पहिल्या उत्तराने एक्सचेंजर अडीचपट लहान झाला असता, दुसऱ्याने आठपट मोठा. सूत्र उचलण्याआधी त्याच्या खाली लिहिलेली हद्द वाचा.

फ्लास्कमधला वेळ रिअ‍ॅक्टरला लावू नका

पुण्याच्या एका टोकाला पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, सोलापूर रस्त्याला कुरकुंभचे रिअ‍ॅक्टर आहेत. फ्लास्कपासून रिअ‍ॅक्टरपर्यंतच्या या वाटेवरची चूक जिवावर बेतते, म्हणून ती नीट आकड्यांत मांडतो.

उष्णता सोडणारी अभिक्रिया आहे. दर लिटरला २ मोल, दर मोलला १०० किलोज्यूल. एक लिटरच्या भांड्यात २०० किलोज्यूल सुटतात. भांड्याचा थंड करणारा पृष्ठभाग ०.०४६ चौरस मीटर, गुणांक ३००, आणि ४० अंशांचा माल व १० अंशांचं थंड पाणी यांत फरक ३० अंश. म्हणजे ४१४ वॉट बाहेर जातात आणि सगळी उष्णता काढायला आठ मिनिटं पुरतात. रसायन हळूहळू ओतण्याबद्दल, म्हणजे डोसिंगबद्दल, प्रयोगशाळेतली मुलगी वहीत लिहिते: "डोसिंग १० मिनिटं, तापमान स्थिर." तिचं काहीच चुकलं नाही.

आता त्याच आकाराचं १००० लिटरचं भांडं घ्या. उष्णता हजारपट, २०० मेगाज्यूल. पृष्ठभाग मात्र शंभरपट, ४.६ चौरस मीटर. बाहेर जातात ४१ किलोवॉट, आणि लागतात ऐंशी मिनिटं. इथे वहीतली १० मिनिटं पाळली तर त्या वेळात उष्णतेचा लहानसा हिस्साच बाहेर पडतो. बाकीची मालातच साठते. माल पाण्यासारखा असेल तर तो ३५-४० अंशांनी चढतो, म्हणजे चाळिसाचे ऐंशी होतात. सेंद्रिय द्रावक असेल तर त्याची उष्माधारकता पाण्याच्या निम्मीच असते, चढण त्याहून जास्त, आणि अ‍ॅसिटोनसारखा द्रावक ५६ अंशांनाच उकळायला लागतो. तापमान चढलं की अभिक्रिया आणखी वेग घेते, आणि मग ती ऑपरेटरच्या हातात राहत नाही.

डोसिंगचा वेळ मोठ्या भांड्याच्या गुणांकावरून, पृष्ठभागावरून आणि तापमानाच्या फरकावरून नव्याने काढा. गुणांक पाणी भरून घेतलेल्या चाचणीतला नको, प्रत्यक्ष मालाचा हवा, आणि अ‍ॅजिटेटरच्या चालू वेगाचा हवा. डोसिंग पंपाला दोन इंटरलॉक (पंप आपोआप बंद करणाऱ्या जोडण्या) लावा: मालाचं तापमान ठरलेल्या मर्यादेवर गेलं की पंप बंद, आणि अ‍ॅजिटेटर थांबला की पंप बंद. दुसरा इंटरलॉक बऱ्याच ठिकाणी राहून जातो. अ‍ॅजिटेटर थांबलेला असताना ओतलेलं रसायन न मिसळता एका थरात साचतं. तापमापक शांत असतो, कारण अजून काही घडलेलंच नसतं. अशा वेळी कुणी घाईने अ‍ॅजिटेटर परत सुरू केला तर साचलेलं सगळं एका दमात पेटतं. अ‍ॅजिटेटर थांबला की आधी डोसिंग बंद, कुलिंग पूर्ण उघडं, आणि परत सुरू करायचा की नाही हे पाळीच्या इंजिनिअरने ठरवायचं, हे रिअ‍ॅक्टरशेजारच्या पाटीवर मराठीत लिहून ठेवा.