गणपतीला गाडी घेऊन कोकणात निघताना

मुंबई-ठाण्याहून गावी निघणाऱ्या अनेक घरांत बेत ठरलेला असतो: कामावरून यायचं, जेवायचं, रात्री दहाला गाडी काढायची आणि सकाळी गावात उतरायचं. या प्रवासातला सगळ्यात मोठा धोका ह्या बेतातच आहे. दिवसभर राबलेला माणूस रात्री दोन ते पहाटे पाच, म्हणजे झोप सगळ्यात अनावर होते तेव्हा, कशेडी ते परशुराम या पट्ट्यात स्टिअरिंगवर बसलेला असतो. ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळजवळ ९० मीटर. मोठ्याने गाणी लावून किंवा काच खाली करून झोप जात नाही, नुसती लांबते. गाडी चालवणाऱ्याने रात्री नऊला झोपावं आणि पहाटे चारला निघावं. बॅगा भरणं, नैवेद्याचं सामान काढणं ही कामं घरातल्या इतरांनी उरकावीत. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबा. तरीही डोळे जड झाले तर पेट्रोल पंपावर गाडी लावून वीस मिनिटं झोपा. उशीर झाला तरी चालेल.

गाडीची तपासणी निघायच्या आठवडाभर आधी करा, म्हणजे काही बदलावं लागलं तर वेळ मिळतो. टायरच्या खाचा किमान १.६ मिमी हव्यात हा कायदा झाला; पावसाळ्यात ३ मिमीच्या खाली गेल्या तर टायर बदलणंच बरं, कारण उथळ खाचांना पाणी बाजूला सारता येत नाही आणि गाडी पाण्याच्या थरावर तरंगू लागते. हवेचा दाब चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. तिथे बहुधा दोन आकडे असतात. पाच माणसं आणि सामान असेल तर जास्तीचा, म्हणजे पूर्ण भाराचा आकडा घ्या, आणि हवा टायर थंड असतानाच तपासा. स्टेपनीतही हवा भरा. नेमकी तीच विसरली जाते. वायपर काचेवर रेघा ओढत असेल तर रबर बदला.

पेणहून मूर्ती घेणार असाल तर ती पुढच्या सीटवर कुणाच्या मांडीवर ठेवू नका. जोरात ब्रेक लागला किंवा एअरबॅग उघडली तर मूर्ती थेट छातीवर आदळते. चादरी आणि उशा चहूबाजूंनी घट्ट लावून मूर्ती डिकीत किंवा मागच्या सीटच्या पायापाशी बसवा. तांदळाची पोती, नारळ असलं जड सामान डिकीत तळाला, सीटला टेकून ठेवा. मागच्या काचेपाशी काहीही ठेवू नका.

लहान मुलांनाही पुढे मांडीवर घ्यायचं नाही. छोट्यांना चाइल्ड सीट, मोठ्यांना पट्टा, मागे बसलेल्या आजी-आजोबांनाही पट्टा. गाडी लागण्याची गोळी साधारण अर्धा तास आधी द्यावी लागते. मुलांना किती द्यायची ते डॉक्टरांनाच विचारा. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून चालवणाऱ्याने त्या घेऊ नयेत. वळणांवर मुलांच्या हातात मोबाइल नको, त्याने मळमळ वाढते.

आता घाट. पुण्याहून ताम्हिणी, कराडहून कुंभार्ली, कोल्हापूरहून आंबा, कुठूनही उतरा, नियम तोच: ज्या गियरमध्ये तो चढ चढला असता त्याच गियरमध्ये उतरा, बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा एल (L, म्हणजे खालचा गियर) वापरा. ब्रेकवर सतत पाय ठेवला की पॅड तापतात, जळका वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणून ब्रेक ठामपणे दाबा, वेग कमी करा, सोडा. वास आलाच तर रुंद, सुरक्षित जागी अर्धा तास थांबा. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नका. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकणं उतारावर जिवाशी खेळ आहे, कारण इंजिनाचा रोध पूर्ण जातो. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

धुक्यात हेडलाइट खालच्या झोतावर ठेवा. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुमचं वळणं कळत नाही. काच आतून धुरकटली तर एसी चालू करून हवेचा झोत काचेवर सोडा. साकवावरून किंवा मोरीवरून पाणी वाहत असेल तर थांबा. फूटभर वाहतं पाणीही छोट्या गाडीला बाजूला ढकलू शकतं. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर इंजिन फुटतं.

वाटेत गाडी बंद पडली तर ती डाव्या कडेला घ्या, इंडिकेटर लावा आणि सगळ्यांना डाव्या दारांनी उतरवून कठड्यापलीकडे सपाट जागा असेल तर तिथे उभं करा. दरडीखाली किंवा गाडीच्या मागे कुणी उभं राहू नये. लाल त्रिकोण किमान ५० मीटर मागे, आणि वळण असेल तर मागून येणाऱ्याला वळणाच्या आधीच दिसेल असा ठेवा. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. फोनवर जागा सांगताना जवळच्या दगडावरचा किलोमीटर आणि तुम्ही कुठल्या दिशेने जात होता, दोन्ही सांगा.