वकिली सांभाळून राजकारणात उतरताय? वकीलपत्र जपून घ्या

नवीन सनद घेतलेली मुलंमुली पहिला प्रश्न हाच विचारतात, की आमदार झालं तर वकिली सोडावी लागते का? नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये ते मिटवलंय. लोकप्रतिनिधी हा पूर्णवेळ पगारी नोकर नाही. पुढे चला.

खरा फास दुसराच आहे. मी त्यात अडकलो, म्हणून सविस्तर सांगतो. तालुक्याच्या कोर्टात नवख्याकडे येतात ती बांधाची, वाटपाची, शेतरस्त्याची कामं. रस्त्याचं असेल तर तहसीलदारापुढे जमीन महसूल संहितेचं कलम 143, नाहीतर मामलेदार न्यायालय अधिनियमाचं कलम 5. फी थोडी, माणूस ओळखीचा, आपण वकीलपत्र घेतो. समोर असतो त्याचाच चुलतभाऊ, आणि चुलतभावामागे अख्खी वस्ती. स्थळपाहणीला पंचनाम्यावर सह्या कोण करतंय ते नीट बघा. निकाल आपल्या बाजूने लागला की वस्ती कायमची तुटते, आणि जिंकलेला पक्षकार वर्षभरात विसरतो. पंचायत समितीला उभा राहिलो तेव्हा अशाच एका वस्तीवर, जिच्याविरुद्ध मी रस्त्याचा दावा जिंकला होता, चहा मिळाला, पाणी मिळालं. निघताना एका आजींनी विचारलं, "वकीलसाहेब, आता आमचा ऊस कुठनं काढायचा?" तिथून मतं आली नाहीत.

घाबरू नका, कामं निवडता येतात. मोटार अपघाताचे दावे घ्या, भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याची प्रकरणं घ्या. तिथे पैसे द्यायला समोर बहुतेक विमा कंपनी किंवा सरकार असतं, अख्खी वस्ती नाही. भावकीच्या वादात तडजोडीला जरूर बसा. मात्र एका भावाची कागदपत्रं विश्वासाने वाचली असतील, तर मध्यस्थ होऊ नका. ते पेशाला शोभत नाही आणि लोकांच्या लक्षातही येतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे आमदार राहिलेले गणपतराव देशमुख पेशाने वकील. जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा, म्हणजे सांगोल्यात भावकीचं ओझं कमी, आणि त्याचा फायदा झाला असावा असं माझं मत. 1962 ला पहिल्यांदा निवडून आले, एकूण 11 वेळा, तेही कायम शेतकरी कामगार पक्षाकडूनच. पण 1972 ला ते पडले, 1995 ला तर फक्त 192 मतांनी. दोन्ही वेळा परत आले, 1974 च्या पोटनिवडणुकीत आणि 1999 ला. दुष्काळी तालुक्याला पाणी मिळावं म्हणून आटपाडीच्या पाणी परिषदेत स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबर वर्षानुवर्षं बसले. एसटीने फिरणारा आमदार म्हणून कौतुक सगळेच करतात, ही चिकाटी मात्र कुणी उचलत नाही.

नेत्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून तिकीट मिळतं, हा समज आधी डोक्यातून काढा. तिथे बसलेले बरेचजण अजून तिथेच बसलेत. आणि तुम्हाला नुसत्या तारखा घ्यायला पाठवणारा, उलटतपासणीला कधीच उभं न करणारा सीनिअर वर्षभरात सोडा, कितीही मोठं नाव असो. पहिली निवडणूक बहुतेक हरालच. हरलात की लगेच कोर्टात जायला लागा. पक्षकार तुमची वाट बघत असतात, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत घर त्याच फीवर चालवायचंय.