डॉक्टरांनी दिलेली गोळी स्पर्धेत चालेल का? असे तपासा

चाळिशीनंतर मास्टर्स स्पर्धांत उतरणाऱ्या कितीतरी जणांना रक्तदाबाची गोळी सुरू असते. डॉक्टरांची चिठ्ठी आहे, मग काळजी कसली, असे वाटते. पण डोपिंगच्या, म्हणजे खेळात बंदी असलेल्या औषधांच्या, नियमांत नुसती चिठ्ठी पुरत नाही. लघवीच्या किंवा रक्ताच्या नमुन्यात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, मग तो हौशी का असेना.

आधी पाकिटामागे बारीक अक्षरांत छापलेले घटक वाचा. रक्तदाबाची नुसती टेल्मीसार्टन चालते. तिच्या नावापुढे ‘एच’ लागला की बहुधा सोबत हायड्रोक्लोरोथायाझाइड असते, आणि लघवी वाढवणाऱ्या अशा औषधांवर स्पर्धा असो वा नसो, कायम बंदी आहे. खोकल्याच्या पातळ औषधाची बाटली तर दोनदा वाचा. आपल्याकडे अनेक बाटल्यांत टर्ब्युटालिन असते. मुंबईचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ २०१९मध्ये याच घटकामुळे आठ महिन्यांच्या बंदीत अडकला. औषध खोकल्यासाठी अजाणता घेतले, हे बीसीसीआयने मान्य केले. तरीही बंदी टळली नाही. म्हणून मेडिकलमधून परस्पर बाटली आणणे खेळाडूने सोडूनच द्यावे.

मग प्रत्येक घटक नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेच्या, ‘नो युवर मेडिसिन’ अ‍ॅपवर शोधा. वाडाची, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेची, बंदी असलेल्या औषधांची नवी यादी दर १ जानेवारीला लागू होते, तेव्हा गेल्या वर्षीच्या उत्तरावर विसंबू नका. प्रमाण आणि औषध घेण्याची पद्धतही पाहा. दम्याचा साल्ब्युटामॉल पंप २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतो, पण कुठल्याही ८ तासांत ६००च्या वर नाही. त्याच औषधाची गोळी मात्र चालत नाही.

यादीत नाव दिसले तरी औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. इन्सुलिनही यादीत आहे. ते थांबवणे जिवावर बेतेल. डॉक्टरांना भेटून ‘मी स्पर्धेत उतरतो’ हे स्पष्ट सांगा. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिनसारखे चालणारे पर्याय आहेत. पर्याय नसेलच, तर उपचारासाठीची सूट, म्हणजे टीयूई, मागा. अर्जासोबत निदान, तपासण्यांचे अहवाल आणि दुसरे औषध का चालत नाही याचे डॉक्टरांचे पत्र लागते. स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी अर्ज करा. हौशी खेळाडूला चाचणीनंतरही अर्ज करता येतो, पण सूट मिळेलच असे नाही. कागद आधीच जमवून ठेवा.

चाचणीसाठी बोलावलेच, तर फॉर्मवर गेल्या सात दिवसांतली सगळी औषधे लिहा, डोकेदुखीची गोळीसुद्धा.