सात किलोंच्या मर्यादेत बसणारी सॅक निवडताना

विमानात सोबत नेण्यासाठी सॅक घ्यायला गेले की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती लिटरची हवी?’ असा. माझ्या मते त्याआधी आपणच त्याला ‘रिकामी असताना हिचे वजन किती भरते?’ हे विचारायला हवे. देशांतर्गत विमानांत इकॉनॉमी वर्गाच्या प्रवाशाला सहसा ७ किलोंपर्यंतची एक केबिन बॅग नेता येते आणि तिच्या लांबी, रुंदी व उंचीची बेरीज ११५ सेंटीमीटरच्या आत असावी लागते. परदेशी कंपन्यांचे आकडे वेगळे असतात, म्हणून ते तिकिटावर पाहून घ्यावेत. मात्र कोणतीही मर्यादा असली तरी तिच्यात सॅकचे स्वतःचे वजनही मोजले जाते.

हे मी गोव्यातल्या मोपा विमानतळावर शिकलो. पहाटेचे विमान होते, त्यामुळे फोंड्याहून मध्यरात्रीच निघालो होतो. काउंटरवरच्या काट्याने ८ किलो ६०० ग्रॅम दाखवले आणि मुलीसाठी घेतलेले काजू व सोलांची पुडी सोडायला आलेल्या भाच्याच्या हाती परत द्यावी लागली. घरी आल्यावर सॅक रिकामी करून ताणकाट्याला लावली, तर ती एकटीच २ किलो १०० ग्रॅमची निघाली. आज मी वापरतो ती ९०० ग्रॅमची आहे. मधल्या १ किलो २०० ग्रॅममध्ये चार सुती शर्ट आणि एक पंचा सहज बसतो.

हे वजन कुठून येते ते ओळखता आले पाहिजे. पाठीमागची धातूची चौकट, जाड फोम, डझनभर कप्पे, प्रत्येक कप्प्याची चेन आणि कमरेचा गुबगुबीत पट्टा यांनी सॅक जड होते. ७ किलोंच्या ओझ्याला धातूच्या चौकटीची गरज नसते. पाठीला प्लास्टिकचा पातळ पत्रा किंवा घट्ट फोम असला की पुरे. याउलट चारपाचशे ग्रॅमची, पाठीला काहीच आधार नसलेली सॅकही मी सुचवणार नाही, कारण लॅपटॉप ठेवला की तिचे पट्टे खांद्यात रुततात. साधारण ३० ते ३५ लिटरची आणि ८०० ग्रॅम ते १ किलो २०० ग्रॅम वजनाची सॅक बहुतेकांना योग्य ठरते.

११५ च्या बेरजेत बसणारे ५५ × ३५ × २५ सेंटीमीटर म्हणजे कागदावर ४८ लिटर होतात, पण सॅक पेटीसारखी चौकोनी नसते. ती भरली की पुढचा कप्पा फुगतो आणि २५ सेंटीमीटरची खोली पाहता पाहता ३० वर जाते. म्हणून लेबलावर विसंबून न राहता सॅक भरून शिंप्याच्या टेपने मोजावी. मोपाहून एटीआर जातीची लहान विमानेही उडतात आणि त्यांच्यातले डोक्यावरचे कप्पे मोठ्या विमानांपेक्षा बरेच लहान असतात. अशा वेळी सॅक शिडीपाशीच काढून घेऊन खालच्या सामानात ठेवली जाऊ शकते. पॉवर बँक मात्र खालच्या सामानात ठेवण्यास मनाई आहे. त्यामुळे ती चटकन काढता येईल असा, बाहेरून उघडणारा एक छोटा कप्पा असणे फार उपयोगी पडते.

कापडाच्या बाबतीत ‘डेनियर’ हा शब्द वारंवार भेटतो. ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर. आकडा जितका मोठा, तितका धागा जाड. हलक्या सॅकसाठी चौकटीच्या विणीचे २१० डेनियरचे नायलॉन, ज्याला रिपस्टॉप म्हणतात, चांगले. तळाला ४२० असेल तर अधिक बरे. ६०० डेनियरचे पॉलिएस्टर स्वस्त मिळते, पण जड असते. उन्हाला पॉलिएस्टर जास्त टिकते आणि घासण्याला नायलॉन.

गोव्यात राहणाऱ्याने मात्र कापडापेक्षाही त्याच्या आतल्या थराकडे लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. पाणी अडावे म्हणून बहुतेक सॅकना आतून पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा थर दिलेला असतो. हवेतल्या ओलाव्याने आणि उष्णतेने हा थर रासायनिकदृष्ट्या तुटत जातो, आणि आपल्याकडचे चार महिने तर ओलाव्याचेच असतात. एकदा चतुर्थीनंतर माळ्यावरची सॅक खाली काढून आत हात घातला, तर बोटे अस्तराला चिकटली. काळ्या पँटवर पांढरे पापुद्रे पडले, आणि येणारा आंबूस वास दोनदा धुऊनही गेला नाही. तेव्हापासून दुकानात मी आधी सॅक आतून उलटी करतो, कोपऱ्यांवर अंगठा दाबून घासतो आणि वास घेतो. जरासा चिकटपणा जाणवला तरी ती घेऊ नये. वेष्टनावर निर्मितीचा महिना आणि वर्ष छापलेले असते तेही वाचावे, कारण सवलतीत निघालेला माल कधीकधी गोदामात दोनतीन पावसाळे काढून आलेला असतो. सिलिकॉनचा थर ओलाव्याला जास्त टिकतो. किंमत अधिक असली तरी आपल्या हवेत तो खर्च योग्य आहे.

चेनचे दात नायलॉनचेच घ्यावेत. धातूचे दात खाऱ्या हवेत गंजून अडकू लागतात. मुख्य चेन ८ किंवा १० क्रमांकाची असावी. पावसासाठी वरचे आवरण उपयोगी आहे, पण ते पाठीकडची बाजू झाकत नाही आणि पाणी शिवणींतून शिरतेच. त्यामुळे कपडे आत एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवणे हा सर्वांत हलका आणि खात्रीचा उपाय आहे.

आता पाठीचे माप. मान पुढे झुकवली की मानेच्या मुळाशी जो मणका वर येतो, तिथून कमरेच्या हाडाच्या वरच्या काठाच्या पातळीपर्यंत टेप लावावी. सॅकची पाठ या मापापेक्षा फार लांब असेल, तर चालताना ती कुल्ल्यांवर आपटते. दुकानात जाताना उकड्या तांदळाच्या एक किलोच्या सहा पुड्या आणि एक चादर सोबत न्यावी. पुड्या चादरीत गुंडाळून सॅकमध्ये पाठीलगत ठेवाव्यात आणि दहापंधरा मिनिटे फिरावे, जिना चढून उतरावे. मी हे म्हापशाच्या बाजारात केले आहे आणि कोणी नको म्हटले नाही. खांद्याचे पट्टे मानेला घासत असतील, तर ती सॅक तिथेच ठेवावी. छातीचा पट्टा वरखाली सरकणारा असावा. स्त्रियांसाठी हे विशेष महत्त्वाचे आहे.

सॅक पुस्तकासारखी पूर्ण उघडणारी असली तर सुरक्षा तपासणीत सामान उपसावे लागत नाही. लॅपटॉपचा कप्पा पाठीलगत हवा, पण तो तळापर्यंत पोहोचलेला नसावा, नाहीतर सॅक जमिनीवर ठेवताना प्रत्येक वेळी लॅपटॉपला धक्का बसतो.

घेतलेली सॅक मशीनमध्ये धुऊ नये. कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवावी आणि सावलीत वाळवावी. पावसाळ्यात तिची घडी घालून माळ्यावर न टाकता सगळ्या चेन उघड्या ठेवून ती वारा लागेल अशा खोलीत खुंटीला टांगावी, आणि पंधरवड्याने एकदा आतून कोरड्या फडक्याने पुसावी.