मुलांच्या कॅन्सरसाठी मदत करायचीय? आधी तुमचं कारण शोधा

माझा भाचा सहा वर्षांचा असताना त्याला एएलएल निघाला, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, लहान मुलांमध्ये हाच सगळ्यात जास्त दिसतो. तेव्हापासून मी दर महिन्याला थोडे पैसे देते, आणि ओळखीतलं कुणी विचारलं की कुठे देऊ, तर मी आधी विचारते तुला का द्यायचेत, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

आमचंच सांगते. ताई त्याला घेऊन परळला टाटा हॉस्पिटलमध्ये आली. औषधांचा बराचसा खर्च योजनेतून निघाला, पण ही ट्रीटमेंट दोन-अडीच वर्षं चालते, तेवढे दिवस मुंबईत राहायचं कुठे? केमोने पोराच्या पांढऱ्या पेशी एवढ्या खाली जायच्या की बाहेरचं काही खायला द्यायची भीती वाटायची, घरचं ताजंच पाहिजे, आणि घर तर साताऱ्याकडे. भाऊजींची रोजंदारी बुडत होती ती वेगळीच. ताई दोनदा म्हणाली, जाऊदे, परत जाऊया. ते ऐकलं त्या दिवशी माझं कारण ठरलं, की राहायची सोय नाही म्हणून कुणाच्या पोराची ट्रीटमेंट अर्धी सुटायला नको.

तुम्हीही तसंच करा, मनात अडकून बसलेला एकच प्रसंग दोन ओळींत लिहून काढा. "आजारी मुलांना मदत" एवढंच लिहिलं तर काहीच ठरत नाही.

मग कारणाप्रमाणे जागा शोधा. माझ्यासारखं राहण्याचं असेल तर सेंट ज्यूड इंडिया ही संस्था बघा, 2006 मध्ये मुंबईत सुरू झाली, ट्रीटमेंट चालू असेपर्यंत मूल आणि आईवडिलांना फुकट खोली देतात आणि स्वयंपाक आपला आपण करता येतो (हे किती मोठं आहे ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल). दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती पण वर्षानुवर्षं पेशंटची सोय करतायत.

रक्तासाठी रात्री-बेरात्री फोन फिरवले असतील तर पैशांपेक्षा प्लेटलेट, म्हणजे रक्तातल्या रक्त गोठवणाऱ्या पेशी, द्या. प्लेटलेट साधारण पाच दिवसच टिकतात त्यामुळे साठा करून ठेवता येत नाही, सतत नवीन माणूस लागतो. मशीनवर तास-दीड तास जातो, आदल्या तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नको, बाकी अटी ब्लड बँक सांगते.

आणि तुमच्या घरी निदानच उशिरा झालं असेल, आमच्याकडे पण गावातल्या डॉक्टरांनी बरेच आठवडे नुसता ताप समजूनच औषधं दिली, तर अंगणवाडी, शाळेत बोला. न उतरणारा ताप, न लागता उठणारे निळे डाग, गाठ, फ्लॅशच्या फोटोत डोळ्याची बाहुली पांढरी दिसणं, अशा वेळी थांबू नका एवढं सांगितलं तरी खूप झालं.

मूल गेलं असेल तर घाई करू नका. वाढदिवसाला त्याच्या नावाने दिलं, कुणाला सांगितलं नाही, तरी चालतं.

पैशांचं पटकन सांगते. एकदम मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडे बरे, कारण संस्थेला खोलीचं भाडं, लाइट बिल दर महिन्याला भरावं लागतं. देणगीवरची टॅक्सची सवलत (80जी म्हणतात ती) हवी असेल तर 2000 रुपयांच्या वर रोख देऊ नका आणि संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या, मात्र नवीन टॅक्स रिजीममध्ये ही सवलत नाही. परदेशात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवा, पासपोर्ट परदेशी असेल तर संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी, नोंदणी लागते, भारतीय पासपोर्टवाल्यांनी स्वतःच्या कमाईतून दिलं तर तो प्रश्न येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्या मुलासाठी मेसेज आला तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात फोन करून खात्री करा, मगच पाठवा.

दुसऱ्यांकडे पैसे मागताना तुमच्या त्या दोन ओळी सांगा. पण केस गेलेल्या पोराचा फोटो टाकू नका, निदान आईवडिलांना आणि मूल मोठं असेल तर त्याला विचारल्याशिवाय तरी नकोच. आमचा भाचा आता सातवीत आहे आणि त्याचा तसा एक फोटो कुणीतरी अजून पुढे ढकलतंय, तो फोटो दिसला की भाचा गप्प होतो.