कोच चुकतोय असं वाटतंय? आधी वही घेऊन बसा

आमच्या कॉलेजचा आइस हॉकी संघ सलग तिसऱ्या हंगामात हरतोय. कॉलेजचं नाव लिहीत नाही. ग्रेट लेक्सच्या थंडीतलं गाव आहे, एवढं पुरे. अमेरिकेत अशा गावांमध्ये आपली मुलं एमएससाठी येतात, पहिल्याच हिवाळ्यात लॅबमधलं कुणीतरी त्यांना रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) घेऊन जातं आणि त्यातल्या काहींचा जीव त्या संघात कायमचा अडकतो. माझा २००९ च्या नोव्हेंबरात अडकला. तेव्हापासून निळ्या रेषेसमोरची अकरावी रांग माझी आहे.

शुक्रवारी रात्री १-५ ने हरून गाडीत बसलं की तोंडातून एकच वाक्य निघतं: "हाकला त्या कोचला." ते खरंही असेल. पण कुणी विचारलं, "का?" तर बहुतेकांना स्कोअरच्या पलीकडे काही सांगता येत नाही. मलाही येत नव्हतं. यायला दोन हंगाम लागले. तुम्हाला तेवढा वेळ लागू नये म्हणून हे सगळं लिहून काढतेय.

आधी माझी चूक सांगते. आमचा एक बचावपटू पक (आइस हॉकीतली रबराची चकती) मिळाला की बाजूच्या काचेवर आपटून तो नुसता पुढे ढकलून द्यायचा. पक थेट प्रतिस्पर्ध्याच्या स्टिकवर जायचा. मी महिनाभर त्याच्या नावाने ओरडत होते. रविवारी सकाळी हीच मुलं गावातल्या लहान मुलांना स्केटिंग शिकवतात. माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने त्याला सरळ विचारलं, "तू पक का फेकून देतोस? माझी आई फार चिडते." तो शांतपणे म्हणाला, "आम्हाला तसंच खेळायला सांगितलंय." मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. त्या दिवसानंतर एकाही मुलाचं नाव घेऊन ओरडले नाही. आणि त्याच संध्याकाळी वही काढली.

वहीची सवय वडिलांची. नाशिकला गोल्फ क्लबच्या मैदानावर रणजीचा सामना असला की ते मला घेऊन जायचे आणि चेंडूगणिक नोंद करायचे. संध्याकाळी कट्ट्यावर कुणी म्हणालं, "तो काय खेळला आज!" की ते वही उघडायचे.

वहीत काय लिहायचं

प्रत्येक सामन्यासाठी एक पान. पानावर रिंकचा आराखडा काढा. आपल्या गोलसमोर घराच्या आकाराचा एक पंचकोन काढा, तसाच त्यांच्या गोलसमोर. दोन्हीकडे पाच-पाच खेळाडू असतानाचा प्रत्येक फटका फुलीने दाखवा, पंचकोनाच्या आत की बाहेर एवढंच. गोलीने (गोलरक्षकाने) अडवला, कुणाच्या पायाला लागला, बाहेर गेला, सगळे मोजा. स्टेडियमच्या फलकावर फक्त गोलवर आलेले फटके दिसतात आणि तो आकडा फसवतो. ३४ फटके मारून हरलो तर लोक म्हणतात नशीब खराब. त्यातले २६ लांबून, काठावरून मारलेले असतील तर त्यात नशिबाचा काही संबंध नाही.

नशीब असतंच, पण. या पातळीवर गोलवरच्या शंभर फटक्यांमागे साधारण नऊ-दहा गोल होतात. तुमचा संघ पंचकोनातून प्रतिस्पर्ध्याइतकेच फटके मारतोय, पण सहा आठवडे शंभराला सहाच गोल होतायत, तर कोचला हात लावू नका, थांबा. तसंच गोलीचं. तो शंभरातले ९० सुद्धा अडवत नसेल तर जगातली कुठलीही व्यूहरचना चांगली दिसत नाही. अर्थात त्या गोलीला कुणी निवडलं आणि दुसरा का नाही तयार केला, हा प्रश्न कोचचाच, पण तो वेगळा. वहीत वेगळ्या पानावर लिहा.

कोचचा हात कुठे दिसतो

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळं यातच आहे.

पहिली जागा: आपल्या गोलमागून पक बाहेर काढणं. बचावपटू पक घ्यायला वळतो तेव्हा पककडे बघू नका, आपल्या सेंटरकडे (मधल्या आक्रमकाकडे) बघा. तो मदतीला खाली आलाय की मध्यरेषेकडे निघून गेलाय? भिंतीलगतचा विंगर (बाजूचा आक्रमक) थांबलाय का? त्यांच्यापैकी एकही जण पास पोचेल इतक्या जवळ नसेल, तर त्या मुलाने पक काचेवर आपटण्याशिवाय करायचं काय? एकदा झालं तर खेळाडूची चूक. वीस सामने, वेगवेगळे सहा बचावपटू आणि तरी तेच होत असेल, तर तसं शिकवलेलं आहे.

दुसरी जागा: दुसरा पिरियड. बाजू बदलल्यामुळे दुसऱ्या वीस मिनिटांत आपला बाक आपल्या गोलपासून लांब जातो. बचाव करताना थकलेल्या पाच जणांना बदलायचं तर लांबचं अंतर कापावं लागतं. चांगल्या संघाची एक शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक पाळी, ४०-४५ सेकंदांची असते. घड्याळ लावून बघा. दुसऱ्या पिरियडमध्ये आपले पाच जण ७०-८० सेकंद अडकून पडतायत का? घाबरून पक लांब मारला आणि आयसिंग झालं (तो आपल्या अर्ध्यातून थेट त्यांच्या गोलरेषेपलीकडे गेला), तर नियमाप्रमाणे त्याच थकलेल्या पाच जणांना फेसऑफला, म्हणजे खेळ पुन्हा सुरू करायला, उभं राहावं लागतं. आमच्या संघाने जानेवारीत घरच्या मैदानावर खाल्लेल्या गोलांपैकी निम्म्याहून जास्त दुसऱ्या पिरियडमध्ये होते, आणि त्यातले बरेच आयसिंगनंतरचे. बदली कधी करायची, पक किती खोल टाकून बाकाकडे वळायचं, हे सगळं सरावात घोटून घ्यायचं असतं. बर्फावर एका वेळी जास्त खेळाडू गेल्याची पेनल्टी महिन्यात दोनदा मिळाली, तर तीही बाकाची चूक आहे. त्या बिचाऱ्या पोराची नाही.

तिसरी जागा: पॉवर प्ले. आपल्या क्रिकेटमधला नाही. इथे समोरचा एक जण दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसतो आणि आपण पाच विरुद्ध चार खेळतो. वीस टक्के वेळा गोल झाला तर ठीक. पण टक्क्यांपेक्षा प्रवेश बघा, म्हणजे पक निळ्या रेषेपलीकडे, त्यांच्या भागात कसा नेतो ते. आपल्या अर्ध्यातून एक जण पळत येतो आणि पक मागच्याला सोडतो, ही चाल सगळेच खेळतात. प्रतिस्पर्धी चौघं निळ्या रेषेवर ओळीने उभे राहून ती अडवतायत आणि पाच आठवड्यांनंतरही आपण तेच करतोय, तर माझा प्रश्न एवढाच: सोमवार ते गुरुवार सरावात काय चालतं?

चौथी आणि माझ्या मते सगळ्यात खरी: शनिवार. कॉलेज हॉकीत बहुतेक लीगमध्ये शुक्रवारी आणि शनिवारी त्याच प्रतिस्पर्ध्याशी दोन सामने असतात. (ईसीएसी या लीगमध्ये दोन रात्री दोन वेगळे संघ येतात, तिथे ही कसोटी लागत नाही.) शुक्रवारी रात्री हरल्यावर कोचकडे एक रात्र, एक सकाळ आणि सामन्याचं चित्रण असतं. शनिवारी काय बदललं? लाइन (एकत्र खेळणाऱ्या आक्रमकांच्या तिकड्या) बदलल्या? दबाव टाकायला दोघं पुढे पाठवले? पॉवर प्लेची जागा हलवली? शुक्रवार आणि शनिवारची पानं शेजारी ठेवा. शुक्रवारी हरलेला प्रत्येक कोच वाईट नसतो, पण ज्याचा शनिवार दर आठवड्याला शुक्रवारसारखाच असतो, त्याच्याबद्दल बोलायला हरकत नाही.

टाइमआउट कधी घेतला, शेवटी गोली कधी बाहेर काढला, यावर लोक तासन् तास भांडतात. मी त्यात पडत नाही. सामना त्याच्या आधीच गेलेला असतो.

शेवटची नोंद वर्षातून दोनदाच करायची. ऑक्टोबरमध्ये नवे तीन खेळाडू निवडा. त्यांच्याबद्दल दोन-दोन ओळी लिहा: वळतो कसा, डोकं वर ठेवतो का, दबाव आला की काय करतो. फेब्रुवारीत पुन्हा लिहा. पोरं सुधारत असतील तर हरणाऱ्या संघातही कोच काम करतोय. पहिल्या वर्षी चमकलेला मुलगा तिसऱ्या वर्षी तिथेच असेल, आणि असे चार-पाच असतील, तर मला त्याहून जास्त काळजी कशाचीच वाटत नाही.

"त्याला वेळ द्या", "पैसाच नाही"

कोचच्या बाजूने हे दोन मुद्दे हमखास येतात. दोन्ही नीट ऐकून घ्या.

वेळेचा मुद्दा पूर्वी जास्त खरा होता. कॉलेज हॉकीत मुलं बहुधा कॉलेजआधीच्या ज्युनियर लीगमध्ये खेळून, वीस-एकवीस वर्षांची होऊन येतात. आज शब्द दिलेला मुलगा दोन वर्षांनी बर्फावर दिसतो. त्यामुळे नव्या कोचला स्वतःची मुलं आणायला चार वर्षं द्यावीत असं जुनेजाणते म्हणायचे. आता ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) एका उन्हाळ्यात अर्धा संघ बदलता येतो. १ ऑगस्ट २०२५ पासून कॅनडाच्या सीएचएल या ज्युनियर लीगमधल्या खेळाडूंनाही एनसीएएचं, म्हणजे कॉलेज खेळांचं, दार उघडलंय. मिशिगन स्टेट २०१२ नंतर राष्ट्रीय स्पर्धेत गेलं नव्हतं. २०२२ मध्ये ॲडम नाइटिंगेल कोच म्हणून आला आणि दुसऱ्याच हंगामात, २०२४ मध्ये, संघ बिग टेन या लीगचा विजेता होऊन स्पर्धेत पोचला. प्रत्येक कॉलेजचं मिशिगन स्टेट होणार नाही, त्यांच्याकडे साधनं आहेत. पण तीन पूर्ण हंगाम ही माझी मुदत आहे. त्यात जिंकायलाच हवं असं नाही, वहीत चढ दिसायला हवा.

पैशाचा मुद्दाही खोटा नाही. पण २०१३ चं राष्ट्रीय विजेतेपद येलने जिंकलं. येल ज्या आयव्ही लीगमधलं, तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. अंतिम सामन्यात त्यांनी क्विनिपियाकला ४-० हरवलं, आणि त्याच हंगामात त्याच संघाकडून ते आधी तीनदा हरले होते. पुढच्या वर्षी युनियन कॉलेजने अंतिम फेरीत मिनेसोटाला ७-४ हरवलं. तेव्हा युनियनही खेळासाठी शिष्यवृत्ती देत नव्हतं. पैसा नाही हे कारण सांगणाऱ्याला मी ही दोन वर्षं सांगते आणि गप्प बसते.

तक्रार कुठे आणि कशी

मुलांच्या इन्स्टाग्रामवर कधीच नाही. ती एकोणीस ते चोवीस वर्षांची आहेत, रविवारी पहाटे दोनला बसमधून उतरतात आणि सोमवारी त्यांची मिडटर्म असते. त्यांच्या आईवडिलांशी रिंकवर कोचबद्दल बोलू नका. त्यांचा मुलगा याच माणसाच्या हाताखाली खेळतोय, त्यांना अडचणीत आणू नका.

पत्र ॲथलेटिक डायरेक्टरला (कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखाला) लिहायचं, कोचला नाही. हंगाम संपल्यावर, मार्चच्या मध्यात, तिकिटांच्या नूतनीकरणाची मुदत यायच्या आत. हरलेल्या रात्री लिहिलेलं पत्र कुणी वाचत नाही. मीही एक असं पाठवलंय, उत्तर आलं नाही. लिहिण्याआधी कराराची माहिती काढा. सरकारी विद्यापीठ असेल तर कोचचा करार ही सार्वजनिक नोंद असते. अर्ज करून मागता येतो. खाजगी असेल तर संस्थेच्या फॉर्म ९९० या वार्षिक कर-विवरणात सर्वाधिक पगाराच्या लोकांचे आकडे मिळतात, कोच त्यात असेल तर. कराराची किती वर्षं उरलीत आणि मध्येच काढलं तर किती रक्कम द्यावी लागेल, हे माहीत असलं की तुमचं पत्र वेगळ्या आवाजात लिहिलं जातं.

पत्र एका पानाचं. किती वर्षं तिकीटधारक आहात ते पहिल्या ओळीत. मग तीन निरीक्षणं, तारखांसह. माझ्यातलं एक असं होतं: "१७ जानेवारीपासून घरच्या आठ सामन्यांत मी आपल्या संघाच्या पॉवर प्लेचे प्रवेश मोजले. निम्म्याहून जास्त निळ्या रेषेवरच अडले आणि आठही सामन्यांत प्रवेशाची पद्धत एकच होती." त्यानंतर एक प्रश्न: "पुढच्या हंगामात प्रगती कशावरून मोजणार आहात?" "काढून टाका" असं मी लिहिलं नाही. तो निर्णय ज्याचा आहे त्याला उत्तर देता येईल असा प्रश्न द्यावा. पहिल्या वर्षी दोन ओळींचे आभार आले. दुसऱ्या वर्षी त्यांच्या ऑफिसातून फोन आला, वीस मिनिटं बोलणं झालं, आणि पलीकडच्या बाईंनी वहीची पानं मागून घेतली.

तिकीट सोडायचं का, हे मला खूप जण विचारतात. मी देणगी थांबवली आहे आणि पत्रात तसं लिहिलंही आहे. जागा सोडलेली नाही. रिकाम्या खुर्च्या कोचच्या आधी त्या मुलांना दिसतात. जाता आलं नाही तर तिकीट नव्याने आलेल्या एखाद्या मराठी विद्यार्थ्याला देते, सोबत जाड मोजे आणि जादाची पेन्सिल. रिंकच्या थंडीत बॉलपेनची शाई घट्ट होऊन नीट उतरत नाही, तेव्हा पेन्सिलच न्या.