अंधारात डोळे सरावण्याआधीच होणाऱ्या चुका

अमावस्येच्या रात्री आकाशदर्शनाला आलेला माणूस गाडीतून उतरतो, वर पाहतो आणि ‘शहरापेक्षा चार चांदण्या जास्त, एवढेच ना?’ असे म्हणतो. दोष आकाशाचा नसतो आणि बहुधा डोळ्यांचाही नसतो. डोळ्यांना वेळच दिलेला नसतो.

बाहुली मोठी झाली की डोळे सरावले, ही पहिली गैरसमजूत. बाहुली दोन मिलिमीटरांवरून सातपर्यंत रुंदावते, म्हणजे आत येणारा प्रकाश जेमतेम बारा पट वाढतो. खरे काम डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर चालते. तेथील, मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशींमधले ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य उजेडात विघटित होते आणि अंधारात सावकाश पुन्हा तयार होते. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी आठ-दहा मिनिटांत सरावतात व तिथेच थांबतात. दंडपेशींची बाजी त्यानंतर सुरू होते आणि पूर्ण सराव व्हायला तीस-चाळीस मिनिटे लागतात. नेमक्या त्या दहाव्या मिनिटाला ‘आता याहून काही दिसणार नाही’ असे ठरवून चहाकडे वळणारे पुष्कळ पाहिले आहेत.

दुसरी चूक मोबाइलची. किती वाजले एवढेच पाहायला उजळलेला पडदा अर्ध्या तासाची कमाई घालवतो आणि शेजाऱ्याचीही घालवतो. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावण्याची पद्धत योग्य आहे, कारण तांबड्या प्रकाशाला दंडपेशी फारसा प्रतिसाद देत नाहीत. मात्र लाल असला तरी तो उजेड मंदच हवा, ही गोष्ट हमखास विसरली जाते.

तिसरी चूक सवयीची आहे आणि ती सोडणे सर्वांत कठीण: अंधुक वस्तूकडे रोखून पाहणे. नजरेच्या अगदी मध्यबिंदूवर दंडपेशी नसतातच, त्यामुळे देवयानी दीर्घिकेचा धुरकट ठिपका थेट पाहताच विरून जातो आणि नजर थोडी बाजूला नेली की परत येतो. दुर्बिणीला उजवा डोळा लावला असेल, तर वस्तूच्या किंचित उजवीकडे पाहावे. डावीकडे पाहिल्यास ती डोळ्याच्या अंधबिंदूवर, म्हणजे दृष्टिपटलाच्या काहीच न दिसणाऱ्या जागेवर, पडण्याची शक्यता असते. तो ठिपका छायाचित्रासारखा रंगीत दिसेल अशी अपेक्षा धरू नये, कारण दंडपेशींना रंगच कळत नाहीत.

एवढे सांभाळूनही, सोबतच्यांना दिसते ते आपल्याला दर वेळी दिसत नसेल, तर तो रातांधळेपणा असू शकतो. त्यामागे ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असते, तशी दृष्टिपटलाची व्याधीही असते. म्हणून केवळ गाजरे खात न बसता नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.

आणि मध्येच गाडीपाशी जावेच लागले, तर दिव्यासमोर जाण्यापूर्वी एक डोळा तळहाताने घट्ट झाकून घ्यावा. दोन्ही डोळे स्वतंत्रपणे सरावतात, त्यामुळे परतल्यावर निदान एका डोळ्याचा अंधार शाबूत राहतो.